तळच्या थरातला गडी

१९४८च्या जानेवारीचा शेवटचा आठवडा. अ‍ॅडलेडच्या मैदानावर सांगलीचे विजय हजारे ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध एकाच कसोटीत दोन शतकं करत होते. पहिल्या डावात ११६, दुसऱ्यात १४५. भारत तो सामना डावाने हरला, पण त्या दोन खेळ्या मराठी क्रिकेटरसिकांच्या दोन-तीन पिढ्यांना तोंडपाठ होत्या. त्याच आठवड्यात, ३१ जानेवारीला, ऑस्ट्रेलियाचा आणखी एक संघ पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, वेल्समधल्या कार्डिफ शहरात, बार्बेरियन्स नावाच्या क्लबाशी रग्बी खेळत होता. हा सामना मूळ कार्यक्रमात नव्हता. पाहुण्यांना परतताना कॅनडा-अमेरिकेमार्गे जायचं होतं आणि त्या लांबच्या प्रवासाच्या खर्चाला हातभार लागावा म्हणून तो ठरवला गेला. ऑस्ट्रेलिया ९-६ असा हरला. हजाऱ्यांच्या अ‍ॅडलेडवर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं. कार्डिफबद्दल कुणी लिहायचं कारणच नव्हतं.

त्या दौऱ्यावर गेलेल्या संघातल्या निकोलस शेहेडी या फॉरवर्डची कारकीर्द हा या पुस्तकाचा विषय आहे. शेहेडी १९४७ ते १९५८ या काळात ऑस्ट्रेलियाकडून ३० कसोटी खेळले. दौऱ्यांवरचे इतर सामने धरले तर देशाच्या जर्सीत ते ११४ वेळा मैदानात उतरले. तीन कसोट्यांत ते कर्णधार होते. पुढे ते सिडनीचे महापौर झाले, ‘सर’ झाले, राष्ट्रीय प्रसारण संस्थेचे अध्यक्ष झाले आणि ज्या रग्बी विश्वचषकाने त्या खेळाचं अर्थकारण उलटंपालटं केलं तो भरवण्यात त्यांनी पुढाकार घेतला. एवढं वाचून कुणाला हे एका यशस्वी माणसाचं सरळ चढतं चरित्र वाटेल. तसं ते नाही. ज्या व्यवस्थेने शेहेडींना घडवलं, तिच्या मोडण्याला त्यांचाच हात लागला, आणि तोही त्या व्यवस्थेवर मनापासून प्रेम असताना. प्रस्तावनेत मला मुख्यतः हेच मांडायचं आहे. सामन्यांचा तपशील पुस्तकात क्रमाने येईलच.

मराठी वाचकाला रग्बी अगदीच परकी नाही. मुंबईत आझाद मैदानाच्या कडेला बॉम्बे जिमखान्यावर पावसाळ्यात हा खेळ चालतो आणि लोकलच्या घाईत असलेला माणूसही चिखलात लोळणाऱ्या त्या गर्दीकडे क्षणभर बघतो. पण बघितलेलं समजतंच असं नाही. पंधरा-पंधरा खेळाडू. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पायाने मारता येतो, पण हाताने पुढे फेकता येत नाही. फेकायचा तर बाजूला किंवा मागे. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की ‘ट्राय’. आज त्याला पाच गुण मिळतात, शेहेडींच्या काळात तीन मिळत. पंधरापैकी सात जण मागे मोकळ्यावर उभे असतात. पळणारे, चकवणारे, प्रेक्षकांचे लाडके. उरलेले आठ फॉरवर्ड.

खेळ थांबून पुन्हा सुरू करायचा झाला की हे आठ जण एकमेकांत हात गुंफून वाकतात आणि समोरच्या आठांना भिडतात. हा स्क्रम. पुढच्या ओळीत तिघे : मधला हुकर पायाने चेंडू मागे ओढायचं बघतो आणि दोन बाजूंचे प्रॉप त्याला पेलून धरतात. त्यांच्या मागे दोन लॉक. पुढच्यांच्या कमरांमध्ये डोकी खुपसून ते रेटा देतात. कडेला आणि सर्वांत मागे आणखी तिघे. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की दोन्हीकडचे फॉरवर्ड समांतर रांगांत उभे राहून आत फेकलेल्या चेंडूसाठी उड्या मारतात. आज सहकारी त्या उडी मारणाऱ्याला उचलून धरतात, तेव्हा उचलायची परवानगी नव्हती. स्वतःच्या पायांच्या बळावर, समोरच्याची कोपरं खात, जेवढं वर जाता येईल तेवढं जायचं. चेंडू कातडी, पावसात भिजला की जड आणि बुळबुळीत. बदली खेळाडू नव्हता. कुणी जायबंदी झाला तर संघ उरलेल्यांनिशी खेळायचा, म्हणून बरगडी दुखावलेली माणसंही मैदान सोडायला नाखूश असत. स्क्रममध्ये घासून घासून कानांचा आकार कायमचा बिघडे.

दहीहंडीत तळच्या थरातल्या गड्याचं असतं, तेच प्रॉपचं आणि लॉकचं. हंडी फोडणारा वर दिसतो, छायाचित्रात तोच येतो. खालच्याची मान खाली, आणि तो हलला तर सगळंच खाली येतं. शेहेडींची सुरुवात लॉक म्हणून झाली, पुढे ते प्रॉप म्हणून जास्त ओळखले गेले. दोन्ही जागा श्रमाच्या. अशा खेळाडूची कारकीर्द गुणफलकात सापडत नाही. त्याने किती रेटा दिला, किती वेळा शेजारच्याला पडू दिलं नाही, दमलेल्या शेवटच्या दहा मिनिटांत किती वेळा पुन्हा वाकला, याच्या नोंदी कुणी ठेवत नाही. निवड समिती त्याला पुन्हा पुन्हा बोलावते, एवढीच नोंद उरते. बारा हंगाम बोलावणं येत राहिलं, यातच शेहेडींच्या खेळाचं मूल्यमापन आलं.

ते आले कुठून, हे समजल्याशिवाय या कारकिर्दीचं वजन लक्षात येत नाही. त्यांचे आजोबा, त्यांचंही नाव निकोलस शेहेडी, अँटिऑकच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मगुरू. १९१३मध्ये ते ऑस्ट्रेलियात आले आणि तिथल्या सिरियन-लेबनीज ख्रिस्ती समाजाची धुरा त्यांनी वाहिली. निकोलसचे वडील मायकेल हेही पुढे धर्मगुरू झाले. या समाजाचा गड म्हणजे सिडनीतलं रेडफर्न. रेल्वेच्या कारखान्यांची, चिकटून बांधलेल्या छोट्या घरांची, कामगारांची वस्ती. लेबनीज व्यापाऱ्यांच्या वखारी तिथे होत्या. नवा आलेला माणूस तिथून कापड, सुया-दोरे, गंजीफ्रॉक उधारीवर उचलायचा आणि गाठोडं घेऊन खेडोपाडी फेरी करायचा.

१९०१च्या स्थलांतर कायद्यापासून ‘गोऱ्या ऑस्ट्रेलिया’चं धोरण चालू होतं. सिरियन आणि लेबनीज लोक भूमध्य समुद्राच्या काठचे, ख्रिस्ती, तरी कागदोपत्री आशियाई धरले जात. त्यामुळे सुरुवातीची कित्येक वर्षं नागरिकत्व, पेन्शन, सरकारी सवलती यांत त्यांना अडचणी आल्या. निकोलसचा जन्म विशीच्या दशकाच्या मध्यावरचा. तोपर्यंत कायदा काहीसा सैल झाला होता, पण शाळेच्या पटांगणात कायद्याची दुरुस्ती लगेच पोचत नाही. पंधराव्या वर्षी त्यांनी शाळा सोडली.

आता सिडनीतल्या दोन रग्बी समजून घ्यायला हव्यात. १९०८पासून तिथे रग्बी लीग नावाचा वेगळा खेळ सुरू झाला. तेरा खेळाडूंचा, पैसे देणारा, कामगार वस्त्यांनी आपला मानलेला. रेडफर्नचा स्वतःचा संघ होता साउथ सिडनी, त्या शहरातल्या सर्वांत जुन्या आणि लोकप्रिय लीग संघांपैकी एक. पंधरा जणांची मूळ रग्बी, म्हणजे युनियन, ही हौशी राहिली. खेळाचे पैसे घेणं तिथे गुन्हा होता. तिचा ओढा खाजगी शाळा, विद्यापीठ, वकील-डॉक्टरांची घरं यांच्याकडे होता. रेडफर्नमध्ये वाढलेल्या, शाळा अर्धवट सोडलेल्या, अंगापिंडाने भक्कम पोराने लीगकडे जावं हे नैसर्गिक होतं. निकोलस गेले युनियनकडे, कूजीच्या समुद्रकिनाऱ्याजवळच्या रँडविक क्लबात.

रँडविकची जर्सी हिरवी. लोक त्यांना ‘गॅलपिंग ग्रीन्स’ म्हणत, कारण चेंडू लाथाडून देण्यापेक्षा हातात घेऊन पळायचं हे या क्लबाचं ब्रीद. सिरिल टॉवर्ससारख्या माणसांनी ती शैली रुजवली होती. अशा संघात फॉरवर्डला फक्त रेटून चालत नाही. स्क्रममधून उठलं की धावत पुढच्या गर्दीत पोचावं लागतं, चेंडू हाताळावा लागतो. याच क्लबातले कॉल विंडन त्या काळातले जगातल्या उत्तम फॉरवर्डपैकी एक गणले जात आणि फॉरवर्ड असूनही कसोटीत ट्राय करत. तरुण शेहेडींनी युद्धाच्या वर्षांत इथे हात-पाय मजबूत केले. रँडविकसाठी ते पहिल्या श्रेणीचे पावणेदोनशेच्या घरात सामने खेळले. पुढे सगळं जग फिरून आले, तरी क्लब एकच राहिला.

१९४७मध्ये न्यूझीलंडचा संघ ऑस्ट्रेलियात आला आणि सिडनीच्या कसोटीत शेहेडींनी देशाची जर्सी पहिल्यांदा घातली. त्याच वर्षी युरोपच्या मोठ्या दौऱ्यासाठी त्यांची निवड झाली. बोटीचा प्रवास धरून जवळजवळ नऊ महिन्यांचा दौरा. नऊ महिने बिनपगारी. किरकोळ रोजभत्ता, बाकी ज्याचं त्याने बघायचं. युद्धाने खेळाची सहा वर्षं गिळली होती, त्यामुळे संघात वयांची गंमत झाली होती. १९३२मध्ये पहिली कसोटी खेळलेला ग्रॅहॅम कूक अजूनही लॉकच्या जागेवर उभा होता आणि शेजारी युद्धानंतर वयात आलेली पोरं. ब्रिटनमध्ये लढाई जिंकूनही लोक रांगेतच होते. मांस, लोणी, साखर, पावसुद्धा रेशनवर.

दौऱ्याच्या सुरुवातीलाच ट्विकनहॅमच्या मैदानावर कर्णधार बिल मॅक्लीन यांचा पाय मोडला. एकवीस वर्षांच्या ट्रेव्हर अ‍ॅलनकडे नेतृत्व आलं. मग जे घडलं ते ऑस्ट्रेलियाच्या रग्बीत आजही अभिमानाने सांगतात. स्कॉटलंडवर १६-७, आयर्लंडवर १६-३, इंग्लंडवर ११-० असे विजय मिळाले. वेल्सकडून ०-६ अशी हार झाली, पण तीही पेनल्टीच्या दोन किकवर. ब्रिटिश बेटांवरच्या चारही कसोट्यांत मिळून ऑस्ट्रेलियाच्या रेषेपलीकडे एकाही प्रतिस्पर्ध्याला चेंडू टेकवता आला नाही. फ्रान्सने मात्र नंतर १३-६ असं हरवलं. चार देशांना एकही ट्राय करू न देणं हे काम प्रामुख्याने मागे धावणाऱ्यांचं वाटतं. खरं तर पुढच्या आठांनी चेंडूच समोरच्याला सुखाने मिळू दिला नाही, तरच रेषा अभंग राहते.

त्या संघातल्या तरुणांना वाटलं असेल की असंच चालणार. १९४९चं वर्षही तसंच गेलं. न्यूझीलंडमध्ये जाऊन ऑस्ट्रेलियाने वेलिंग्टनला ११-६, ऑकलंडला १६-९ असे दोन्ही सामने जिंकले आणि या दोन देशांमधला ब्लेडिस्लो करंडक प्रथमच न्यूझीलंडच्या भूमीवर पटकावला. तसा पराक्रम पुन्हा करायला त्यांना १९८६ उजाडावं लागलं. या विजयाला एक काळी किनार आहे आणि पुस्तकाने ती लपवलेली नाही, हे बरं झालं. न्यूझीलंडचे तीस निवडक खेळाडू तेव्हा दक्षिण आफ्रिकेत होते. ३ सप्टेंबर १९४९ या एकाच दिवशी न्यूझीलंड डरबानला दक्षिण आफ्रिकेकडून आणि वेलिंग्टनला ऑस्ट्रेलियाकडून हरलं. आफ्रिकेच्या वर्णभेदी राजवटीला मान देऊन माओरी खेळाडूंना त्या संघातून वगळलं होतं. तेव्हाच्या रग्बीत अशा गोष्टी घडत आणि बहुतेक जण मान खाली घालून पुढचा सामना खेळत.

पुढची वर्षं खडतर होती. अ‍ॅलन १९५०मध्ये इंग्लंडमधल्या ली या लीग क्लबाकडे गेले. १९४९चा तगडा फॉरवर्ड रेक्स मॉसॉप, तोही तिथेच पोचला. लीगने पैसे मोजले की युनियनचा चांगला खेळाडू जायचा, आणि एकदा गेला की परतीचं दार बंद. आपल्या जुन्या क्लबातही त्याला खेळता येत नसे. प्रत्येक हंगामात संघाची अशी गळती चालू. शेहेडी थांबले. यात त्यागाचा बडेजाव करण्याचं कारण नाही. पण रेडफर्नमधून आलेल्या माणसाला पैशाची गरज खाजगी शाळांतून आलेल्या सहकाऱ्यांपेक्षा कमी असण्याचं काही कारण नव्हतं, हे विसरू नये. हौशीपणाची किंमत सगळ्यांना सारखी पडत नव्हती.

१९५२मध्ये फिजीचा संघ आला. त्यांच्या मोकळ्या, धाडसी खेळाने सिडनी वेडी झाली, मैदानं भरली, रिकाम्या तिजोरीत चार पैसे आले आणि मालिका एक-एक अशी सुटली. १९५३चा दक्षिण आफ्रिकेचा दौरा ही शेहेडींच्या पिढीची खरी परीक्षा. पहिल्या कसोटीत ३-२५ असा धुव्वा उडाला. तो काळ स्प्रिंगबॉक्सच्या, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या संघाच्या, अजिंक्य फॉरवर्डचा. त्यांच्या रेट्यापुढे भले भले मोडत. १९३८पासून त्यांना कुणी कसोटीत हरवलं नव्हतं. केपटाउनच्या न्यूलँड्सवर दुसऱ्या कसोटीत ऑस्ट्रेलियाने त्यांना १८-१४ असं हरवलं. सामना संपल्यावर आफ्रिकेच्या खेळाडूंनीच ऑस्ट्रेलियाचे कर्णधार जॉन सॉलोमन यांना खांद्यावर उचलून मैदानाबाहेर नेलं. पुढच्या दोन्ही कसोट्या ऑस्ट्रेलिया हरला.

हरण्याचं प्रमाण जास्त असलेल्या संघात बारा वर्षं टिकणं ही गोष्ट विजेत्या संघातल्या बारा वर्षांपेक्षा निराळी. तिथे माणसाला खेळाखेरीज दुसरं काही धरून ठेवावं लागतं. सहकारी, प्रवास, हॉटेलातल्या गप्पा, यजमानांच्या घरचं जेवण, सामन्यानंतर प्रतिस्पर्ध्याच्या शेजारी बसून घेतलेली बियर. शेहेडींनी पुढे ‘अ लाइफ वर्थ लिव्हिंग’ हे आत्मचरित्र लिहिलं. ते २००३मध्ये आलं. रग्बीने दिलेली माणसं ही त्यांच्या आयुष्यभराची पुंजी होती आणि पुढच्या आयुष्यात त्यांनी जे जे केलं, त्यात ती त्यांना उपयोगी पडली.

१९५७-५८चा ब्रिटनचा दौरा हा शेवटचा. दहा वर्षांपूर्वीच्या त्या गाजलेल्या दौऱ्यावर गेलेला तरुण आता संघातला वडीलधारा होता. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं होतं. या वेळी नशीब आणि हवा दोन्ही विरुद्ध. ऑस्ट्रेलिया पाचही कसोट्या हरला. वेल्स, आयर्लंड, इंग्लंड, तिन्ही ठिकाणी अंतर जेमतेम. आयर्लंड आणि इंग्लंड दोघांनीही ९-६ असं हरवलं. मग दौऱ्याच्या अखेरीस पुन्हा कार्डिफ, पुन्हा बार्बेरियन्स.

हा क्लब मुलखावेगळा. त्याला स्वतःचं मैदान नाही, क्लबहाउस नाही. आमंत्रण आलं तरच खेळायचं. जर्सी सगळ्यांची काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, मोजे मात्र ज्याच्या त्याच्या क्लबाचे. या क्लबाने शेहेडींना स्वतःच्याच देशाच्या संघाविरुद्ध खेळायला बोलावलं. पाहुण्या संघातल्या खेळाडूला असा मान त्यापूर्वी कधी दिला गेला नव्हता. ज्याच्या नावावर गुणफलकात फारसं काही नाही अशा, सतत हरत असलेल्या संघातल्या फॉरवर्डला हे आमंत्रण यावं, याचा अर्थ ज्यांनी त्याच्याविरुद्ध खांदे भिडवले होते त्यांना त्याची किंमत कळली होती. त्याच हंगामानंतर शेहेडी निवृत्त झाले. ऑस्ट्रेलियाकडून तोवर इतके सामने कुणीच खेळलं नव्हतं.

इथून पुढचा भाग एखाद्या चरित्रकाराने परिशिष्टात टाकला असता. या पुस्तकात त्याला अर्धी पानं दिली आहेत, ते योग्य आहे. १९६२मध्ये शेहेडी सिडनी महापालिकेत निवडून आले. १९७३ ते १९७५ ते महापौर होते. वर्षानुवर्षं रखडलेलं, खर्चाने आणि भांडणांनी गाजलेलं ऑपेरा हाऊस १९७३च्या ऑक्टोबरमध्ये राणीच्या हस्ते खुलं झालं, तो हा काळ. १९७६मध्ये त्यांना नाइटहुड मिळाला. ज्या समाजाला सरकारदरबारी आशियाई म्हणून बाजूला बसवलं जाई, त्या समाजाच्या धर्मगुरूचा मुलगा शहराचा प्रथम नागरिक झाला, आणि त्यासाठी आडनाव बदलावं लागलं नाही.

त्यांच्या पत्नी मारी बशीर यांचा उल्लेख इथे ‘यांच्या पत्नी’ म्हणून करावा लागतो आहे, हा माझ्या विषयाचा दोष. नॅरँडेरा या गावातल्या लेबनीज कुटुंबातली ही मुलगी बालमनोविकारतज्ज्ञ डॉक्टर झाली आणि २००१ ते २०१४ न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नरपदावर होती. त्या पदावरची पहिली स्त्री. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या कामाने. सर निकोलस तेव्हा राजभवनात गव्हर्नरांचे यजमान म्हणून वावरत. आयुष्यभर पुढच्याला पेलण्याचं काम केलेल्या माणसाला ते जड गेलं नसावं.

१९८१पासून १९९९पर्यंत शेहेडी एसबीएसचे अध्यक्ष होते. इंग्रजीखेरीज इतर भाषा बोलणाऱ्या स्थलांतरितांसाठी निघालेली ही रेडिओ-दूरदर्शन संस्था. घरी अरबी आणि बाहेर इंग्रजी ऐकणाऱ्या वस्तीतून आलेल्या माणसाला तिचं महत्त्व पटवून द्यावं लागलं नसेल. नव्वदच्या दशकात सिडनी क्रिकेट ग्राउंडच्या विश्वस्त मंडळाचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. मैदान, महापालिका, प्रसारण, तिन्हीकडे काम एकाच जातीचं : परस्परांशी न जुळणारी माणसं एकत्र बांधून एका दिशेने रेटायची.

हे कौशल्य पणाला लागलं ते विश्वचषकासाठी. शेहेडी तेव्हा ऑस्ट्रेलियन रग्बी युनियनचे अध्यक्ष होते. क्रिकेटचा विश्वचषक १९७५ला सुरू झाला, फुटबॉलचा तर १९३०पासून होता. रग्बीला नव्हता, कारण तिचे ब्रिटिश कारभारी त्याला भीत होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. विश्वचषक आला की जाहिरातदार येणार, दूरचित्रवाणीचा पैसा येणार, आणि पैसा आला की तो खेळाडूंच्या हातापर्यंत पोचल्याशिवाय राहणार नाही. दुसरीकडे दार ठोठावणारे होतेच. १९८३मध्ये डेव्हिड लॉर्ड या ऑस्ट्रेलियन पत्रकाराने जगातले उत्तमोत्तम खेळाडू करारबद्ध करून धंदेवाईक रग्बीची मंडळी उभारायची योजना मांडली होती. केरी पॅकरने क्रिकेटमध्ये केलं तेच. योजना फसली, पण धोक्याची घंटा वाजली. आपण काही केलं नाही तर दुसरं कुणी करेल, हे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या ध्यानात आलं.

ऑस्ट्रेलियाकडून शेहेडी आणि न्यूझीलंडकडून डिक लिटलजॉन असे दोघे निघाले. देशोदेशीच्या रग्बी संघटनांच्या दारी जाऊन, नकार ऐकून घेऊन, शंका फेडून मतं जमवायची होती. आंतरराष्ट्रीय मंडळात आठ देश, प्रत्येकाची दोन मतं. मार्च १९८५मध्ये पॅरिसला मतदान झालं. स्कॉटलंड आणि आयर्लंड विरोधात ठाम राहिले. इंग्लंड आणि वेल्सच्या प्रतिनिधींची मतं प्रत्येकी एकेक अशी फुटली. फ्रान्स बाजूने आला. दक्षिण आफ्रिकेनेही पाठिंबा दिला. वर्णभेदामुळे आपल्याला खेळता येणार नाही हे ठाऊक असूनही. ठराव १० विरुद्ध ६ असा संमत झाला. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ज्यांच्या घरी जेवले, ज्यांच्याशी स्क्रममध्ये भिडले, त्यांच्यातलेच कित्येक आता त्या त्या देशाच्या संघटनांत बसले होते. त्यांच्याशी बोलायला शेहेडींना ओळखपत्र लागत नव्हतं. ३० कसोट्यांची कमाई पॅरिसच्या त्या मतपेटीत जमा झाली, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

२२ मे ते २० जून १९८७ या काळात १६ संघांचा पहिला विश्वचषक न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात झाला. सिडनीच्या कॉन्कॉर्ड ओव्हलवर उपांत्य सामन्यात फ्रान्सच्या सर्ज ब्लांकोने अखेरच्या क्षणी कोपऱ्यात झेप घेऊन ऑस्ट्रेलियाचा ३०-२४ असा घास हिरावला. अंतिम सामन्यात न्यूझीलंडने फ्रान्सला २९-९ असं हरवलं.

आणि ब्रिटिश कारभाऱ्यांची भीती? ती शंभर टक्के खरी ठरली. विश्वचषकाने पैसा आणला, पैशाने सराव वाढवला, सरावाने नोकऱ्या सोडवल्या, आणि ऑगस्ट १९९५मध्ये, पुन्हा पॅरिसमध्येच, आंतरराष्ट्रीय मंडळाने हौशीपणाचं बंधन उठवलं. नऊ महिने बिनपगारी समुद्र ओलांडणाऱ्या पिढीचा खेळ तिथे संपला. प्रतिस्पर्ध्याच्या शेजारी बसून बियर घेण्याची फुरसत उरली नाही, हा जुन्या खेळाडूंचा आवडता उसासा. शेहेडींवर त्याचं खापर फोडावं का? माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. हौशी रग्बीत जे सुंदर होतं ते त्यांनी पुरेपूर उपभोगलं, पण ते सुंदर कुणाच्या खिशातून येत होतं हेही रेडफर्नच्या माणसाला इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. ली क्लबाकडे गेलेल्या मित्रांना हद्दपार करणारा नियम आणि कार्डिफला बोलावणारी मैत्री, दोन्ही एकाच व्यवस्थेची देणगी होती. एक ठेवून दुसरं टाकता येईल असं विश्वचषक मागणाऱ्यांना वाटलं असेल. तसं झालं नाही. दोन्ही गेलं. २०११मध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाने शेहेडी आणि लिटलजॉन या जोडीला आपल्या सन्मान दालनात जागा दिली. फेब्रुवारी २०१८मध्ये शेहेडी वारले.

पुढची पानं वाचताना मराठी वाचकाने एक करावं. आकडे शोधू नयेत. आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं. शतक आणि बळी दिसले नाहीत तर आपल्याला खेळाडू दिसत नाही. इथे ३० कसोट्यांच्या कहाणीत नायकाच्या नावापुढे गुण जवळजवळ नाहीतच. त्याऐवजी संघयादी बघावी : कोण आलं, कोण लीगला गेलं, कोण जखमी झालं आणि कोण पुढच्या हंगामात पुन्हा त्याच जागी उभं राहिलं. खेळाडूची कारकीर्द शेवटच्या सामन्याला संपते असं आपण धरून चालतो. शेहेडींच्या बाबतीत ते खेळायचे थांबले तेव्हा हिशेब अर्धाच झाला होता. उरलेला अर्धा महापालिकेच्या सभागृहात आणि पॅरिसच्या बैठकीत झाला, आणि त्याची बाकी आजचा प्रत्येक पगारी रग्बीपटू वसूल करतो आहे.